रोगाचा पत्ता: फुलपाडा

२०२० च्या उन्हाळ्यात राज्याच्या आरोग्य विभागाचे कोविडचे पत्रक रोज संध्याकाळी निघत असे आणि त्यात जिल्हा-महापालिकावार तक्ता असे. ठाणे मंडळाखाली आधी मुंबई, मग ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, आणि त्याच रांगेत पालघर व वसई-विरार. समजा, फुलपाड्यात राहणारी एक परिचारिका दादरच्या एखाद्या रुग्णालयात कामाला आहे आणि तिला तिथेच बाधा झाली. तिचा आकडा मुंबईच्या ओळीत जाणार नाही, वसई-विरारच्या ओळीत पडेल. तिच्या घराच्या दारावर कागद चिकटेल, चाळीला बांबू लागतील, घरातल्या माणसांची यादी होईल. ज्या वॉर्डात तिला रोग लागला तिथल्या नोंदवहीत मात्र तिचे नावही नसेल, आणि ज्या गाडीतून वा बसमधून ती रोज ये-जा करते तिचा तर कुठल्याच तक्त्यात उल्लेख नाही. रोग माणसाला गाठतो तो त्याच्या कामाच्या जागी किंवा वाटेवर, आणि सरकारदप्तरी त्याची नोंद होते माणूस रात्री जिथे पाठ टेकतो तिथे. ही कारकुनी सोय आहे असे समजून सोडून देता येते. माझे म्हणणे असे की ही सोय निर्दोष नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि विरारसारख्या मुंबईच्या टोकाच्या गावांनी तिची किंमत मोजली आहे.

फुलपाडा विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या आणि पापडखिंड धरणाच्या अंगाला. दाट वस्ती, बैठ्या चाळी, त्यांच्या शेजारी उगवलेल्या इमारती, आणि सकाळ झाली की स्टेशनच्या दिशेने निघणाऱ्या रिक्षा. इथल्या पुष्कळ घरांची चूल मुंबईच्या पगारावर पेटते. यात नवे काही नाही. उपनगरी गाडीचा जन्मच मुळी विरारचा: १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे बीबीसीआयने, पहिली लोकल सोडली ती विरार ते बॅक बे. सकाळी जायची आणि संध्याकाळी परतायची. त्या एका गाडीच्या पुढे शेकडो फेऱ्या झाल्या, १९९० च्या सुमारास इथल्या विकासाच्या नियोजनात सिडको आली, मिठागरे, भातखाचरे आणि वाड्या यांच्या जागी घरे उभी राहिली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. कागदावरचा मालक असा बदलत गेला. गाडी मात्र तीच, आणि तिची दिशाही तीच. साथीच्या काळात नेमके हेच अडचणीचे ठरते, कारण साथ गाडीची वाट धरते आणि नोंदवही मालकाची.

आरोग्याच्या दप्तराला पत्त्याची सवय कशी लागली, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनर आला, आर्थर क्रॉफर्ड या पदावर पहिला बसला, आणि त्याच कायद्याने आरोग्य अधिकाऱ्याचे पदही आले. त्या काळी शहराचा मुख्य वैरी होता कॉलरा, आणि त्याच्या जोडीला नाना प्रकारचे ताप. विहार तलावाचे पाणी त्याआधी पाच-सहा वर्षेच शहरात पोचलेले, जुन्या विहिरी आणि टाक्या अजून वापरात, गटारे उघडी. अशा रोगांचा माग काढायचा तर घर, गल्ली आणि विहीर एवढे पुरते. लोक घरचे पाणी पितात, घरच्या मोरीपाशी वावरतात. तेव्हा मेलेल्यांचे पत्ते नकाशावर मांडले की दूषित विहीर आपोआप मध्यभागी येते. आजही पाण्याची एखादी वाहिनी फुटून गटाराशी मिसळली आणि फुलपाड्यात कावीळ पसरली, तर पत्त्यांचा नकाशा काढणे हाच सर्वांत जलद उपाय असेल. पत्ता हे वाईट साधन नाही. ते एका विशिष्ट जातीच्या रोगासाठी घडलेले साधन आहे, आणि आपल्या यंत्रणेने ते सर्व रोगांना लावले.

इथे कोणी लंडनच्या जॉन स्नोचे उदाहरण देईल. १८५४ मध्ये त्याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याचे मृत्यू घरोघर मोजले, नकाशावर मांडले आणि हातपंपाकडे बोट दाखवले. साथरोगशास्त्राचे प्रत्येक पुस्तक तिथून सुरू होते. मग पत्त्यानेच तर रोग पकडला की! पण स्नोचा पुरावा पक्का झाला तो नकाशात न बसणाऱ्या माणसांमुळे. हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली, तिथे आसपास कॉलरा नव्हता. चौकशीत कळले की ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडते म्हणून ती तिथून पाणी मागवत असे. तिची भाची इस्लिंग्टनहून भेटायला आली, तेच पाणी प्यायली आणि तीही दगावली. उलट पंपाच्या अगदी जवळच्या गरीबखान्यात मृत्यू थोडे, कारण त्यांची स्वतःची विहीर होती, आणि दारूच्या भट्टीतले कामगार वाचले, कारण ते पंपाचे पाणी पीतच नसत. म्हणजे स्नो दारोदार फिरून विचारत होता तो प्रश्न ‘तुम्ही कुठे राहता’ एवढाच नव्हता. ‘तुम्ही पाणी कुठले पिता’ हा होता. नकाशा पुढे प्रसिद्ध झाला, प्रश्न मागे पडला.

मुंबईत या सवयीची पहिली मोठी परीक्षा प्लेगने घेतली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला आणि ते जाहीर केले. मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेला धान्याच्या गोदामांचा भाग. व्हिएगस मूळचे गोव्याचे, म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीचे सभासद. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनरने रोग्यांना सक्तीने हलवण्याचा अधिकार हाती घेतला. २९ ऑक्टोबरला चवताळलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला, आणि सक्ती तात्पुरती सैल झाली. तोवर लोकांनी आपला निर्णय घेतला होता. १८९१ च्या मोजणीत ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबई १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी ओस पडली, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची अटकळ होती. लोक गेले कुठे? बोटीने कोकणात, रेल्वेने घाटावर आणि गुजरातकडे. विरार त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या वसई तालुक्यातले, बीबीसीआयच्या रुळांवरचे एक स्थानक. त्या रुळांवरून उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी विरारवरून जाणार हे उघड होते.

सरकारला वाटेचे महत्त्व तेव्हा चांगले कळले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या काही कलमांचा, घाईघाईचा कायदा. पण त्यात रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना अलग ठेवणे यांचा अधिकार नाव घेऊन दिलेला आहे. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण याच कायद्याचा आधार घेऊन महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये कोविडचे निर्बंध लादले. कायदा तोच राहिला, पण त्यातला प्रवासी हरवला. १८९७ मध्ये मात्र प्रवासीच केंद्रस्थानी होता. मार्गावरच्या तपासणी स्थानकांवर गाडी थांबवून तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर उतरवत, रांगेत उभे करत, ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का ते पाहत. पहिल्या वर्गाच्या उतारूंची तपासणी डब्यातच, अदबीने. बायकांच्या अंगाला परपुरुषाचा हात लागतो यावरून सगळीकडे संताप होता, आणि तो रास्तच होता. याच वेळी शहरात पत्त्याचा मागही चालू होता: घरांची झडती, चुना, फिनेल, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या इमारतींवर रंगाने काढलेली यूएचएच ही तीन इंग्रजी अक्षरे. ज्याच्या दारावर ती अक्षरे उमटली त्याचे भाडेकरू पळाले. २०२० मध्ये दारावर विलगीकरणाचे कागद चिकटले तेव्हा कोणी यूएचएचची आठवण काढली नाही, पण वंशावळ तीच आहे.

रेल्वेवरची ही तपासणी फसली. गाड्या कितीही अडवल्या तरी प्लेग पुढे सरकतच राहिला, पुण्यात पोचला, तिथे प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरे उपसली आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. माझ्या म्हणण्यावरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप इथूनच निघतो: वाटेवरचा माग सव्वाशे वर्षांपूर्वी करून पाहिला होता, तो निकामी ठरला, मग आता त्याचा आग्रह कशाला? याचे उत्तर त्या अपयशाच्या कारणातच आहे. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या पिसवांकडून प्लेग पसरतो याचा प्रयोग केला. बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेत आणि चाळींच्या खोल्यांत, गिनीपिग ठेवून ते सिद्ध केले. म्हणजे प्लेग वाटेनेच जात होता, पण माणसाच्या काखेतून नव्हे. धान्याच्या पोत्यांतून, कपड्यांच्या बोचक्यांतून, उंदरांबरोबर. तपासनीस फलाटावर माणसांची नाडी पाहत असताना मालगाडीचे डबे बिनतपासणीचे निघून जात. मांडवीची गोदामे पाहूनही हे सुचू नये, याचे आज नवल वाटते, पण त्या काळी अनेक डॉक्टरांना रोग जमिनीत, घाणीत आणि घरात असतो असेच वाटे. रोग घरात राहतो ही कल्पना पक्की असली की वाटही घराच्याच नजरेने पाहिली जाते. तेव्हा १८९७ ने वाटेचा माग निरुपयोगी ठरवला असे म्हणता येत नाही. वाटेवर काय शोधायचे ते ठाऊक नसताना नाकेबंदी केली तर काय होते, एवढेच त्याने दाखवले.

त्याच काळात मद्रास इलाख्यात दुसरी रीत होती. तिकडे बाधित भागातून येणाऱ्याला प्लेगचा पासपोर्ट मिळे, आणि मुक्कामी पोचल्यावर दहा दिवस रोज तिथल्या अधिकाऱ्यापुढे हजेरी लावावी लागे. ही रीतही जाचक होती, गरिबालाच जास्त जाचक. पण तिच्यात एक अक्कल होती: माणूस निघाला कुठून आणि पोचला कुठे, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर राहत. आपल्या दप्तरात एवढे साधे कलम क्वचितच सापडते.

आता मृत्यूंच्या नोंदींकडे वळू, कारण माग काढणे म्हणजे शेवटी त्याच नोंदी वाचणे. खेड्यात पाटील मृत्यू लिहून घेई आणि कारणांचे रकाने ठरलेले: कॉलरा, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, इतर. घरच्यांनी जे सांगितले ते कारण. प्लेग म्हटले की घर उपसणार, माणसे छावणीत जाणार, हे ठाऊक असल्यावर ‘ताप’ सांगण्यात शहाणपणा होता. मुंबईत १८९६-९७ च्या हिवाळ्यात प्लेगने मेलेल्यांचा अधिकृत आकडा आणि नेहमीच्या सरासरीहून वाढलेले एकूण मृत्यू यांत मोठी दरी पडली. एकूण आकडा खरे बोलत होता आणि कारणांचा रकाना खोटे. १९१८ च्या इन्फ्लुएंझात तर लपवण्याचीही गरज पडली नाही. १० जून १९१८ रोजी मुंबईत ताप घेऊन रुग्णालयात दाखल झालेल्या सात पोलीस शिपायांत एक गोदीवरच्या पहाऱ्याचा होता. सप्टेंबरात दुसरी लाट आली, ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसे गेली, आणि देशभर कोटीच्या वर मेलेल्यांतले बहुतेक ‘ताप’ या जुन्याच रकान्यात विसावले. तापाचा हा रकाना फार मोठ्या पोटाचा निघाला. त्या साथीत रेल्वेवर माणसे अडवण्याचा विचारही टिकला नसता, इतका तिचा वेग होता; पण ती गेली रेल्वेनेच, बंदरातून देशाच्या आत.

२०२० ला येताना मधली शंभर वर्षे ओलांडावी लागतात. देवी गेली, एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये आला, संगणक आले. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण निघाले, ते दुबईहून आलेले. आठवडाभरात घरी विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारणे सुरू झाले. इथवर माग वाटेचाच होता, पण वाट एकच: विमानतळाची. आयसीएमआरच्या नमुना-चाचणीच्या अर्जावर गेल्या १४ दिवसांत परदेशप्रवास केला का, बाधिताशी संपर्क आला का, आरोग्य कर्मचारी आहात का, हे विचारले होते आणि पत्ता सविस्तर विचारला होता. विरार-चर्चगेट रोज करता का, हे विचारायला जागा नव्हती. मेलबर्नला गेलेला माणूस प्रवासी, आणि रोज साठ किलोमीटर जाऊन साठ किलोमीटर परत येणारा स्थानिक. साथ परदेशातून येत होती तोवर हे चालले. ती शहरात रुजल्यावर अर्ज मागे पडला आणि त्याचा दृष्टिकोन मात्र दप्तरात राहून गेला.

लोकल मार्चच्या चौथ्या आठवड्यात बंद झाली, तरी प्रवास थांबला नाही. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस, बेस्टचे चालक-वाहक, बँक कर्मचारी एसटी आणि बेस्टच्या बसने जातच राहिले, कारण मुंबई त्यांच्यावाचून चालणार नव्हती. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिथेच राहावे, रोज ये-जा करू नये, असा आदेश काढला. आपल्याकडच्या रुग्णांत अशांचे प्रमाण मोठे आहे हे कारण होते. आरडाओरडा झाला आणि आदेश मागे घेतला गेला. आदेश क्रूर होता यात शंका नाही, पण त्यामागची माहिती खरी होती, आणि नेमकी तीच राज्याच्या तक्त्यात उमटत नव्हती. १५ जूनला अत्यावश्यक सेवकांसाठी लोकल सुरू झाली. बाकीच्यांची मदार एसटीवर, आणि २२ जुलैला बस मिळाली नाही म्हणून नालासोपाऱ्यात माणसे थेट स्थानकात घुसून रुळांवर उतरली. त्या प्रसंगाची बातमी कायदा-सुव्यवस्थेची झाली. साथीच्या अभ्यासकाला ती वेगळी वाचता आली असती: रोगाला रोज मिळणारी एवढी मोठी दाटी नकाशावर नाही, आणि ती आपण होऊन समोर येऊन उभी राहिली आहे.

पत्त्याने मोजल्यामुळे नुकसान काय झाले, असा साधा प्रश्न आहे. माझ्या मते दोन प्रकारचे. एक, कारणाचे. एखाद्या रुग्णालयात किंवा बस डेपोत पन्नास माणसे बाधित झाली आणि ती विरार, बदलापूर, पनवेल, मानखुर्द अशी विखुरली, तर प्रत्येक ठिकाणी दोन-चार रुग्ण दिसतात. मूळ जागेवरचा उद्रेक कोणाच्याच तक्त्यात दिसत नाही. दुसरे, जबाबदारीचे. रुग्ण ज्याच्या ओळीत, खाटा त्याने द्यायच्या, घरोघरची पाहणी त्याने करायची, प्रतिबंधित क्षेत्राचे बांबू त्याने लावायचे. मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक आणि रुग्णालये कुठे, आणि २००९ साली जन्मलेल्या वसई-विरारची कुठे! कामाचा नफा एका महापालिकेच्या हद्दीत आणि आजाराचा खर्च दुसरीच्या, अशी ही वाटणी त्या तक्त्याने गुपचूप करून टाकली. हा डाव कोणी रचला असे मी म्हणत नाही. डाव रचावा लागत नाही, रकाना तसा असला की पुरे.

यावर दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खचाखच भरलेल्या डब्यात कोण कोणाच्या श्वासाला लागून उभे होते, हे कोण सांगणार? विरार लोकलमधला संपर्क शोधणे माणसाच्या आवाक्यातले नाही. घर निदान सापडते तरी. हे अगदी खरे आहे, आणि एकेका संपर्काच्या पाठी लागण्याचा सल्ला मी देतही नाही. पण वाट नोंदवणे म्हणजे संपर्क शोधणेच असे नाही. केरळात मार्च २०२० मध्ये पथनमथिट्टा जिल्ह्यात इटलीहून आलेल्या कुटुंबाच्या हालचालींचा मार्गनकाशा प्रशासनाने लोकांपुढे ठेवला: अमुक दिवशी अमुक वेळेला अमुक ठिकाणी. तेव्हा तिथे होता तर कळवा, एवढीच विनंती. नावे नव्हती, शोधण्याचे काम लोकांवरच सोपवले होते. रुग्ण हजारोंनी झाल्यावर ही रीत चालत नाही, हेही मान्य. पण त्या टप्प्यावर आणखी सोपे साधन होते, अर्जावर कामाच्या ठिकाणाचा एक रकाना. राहण्याचा वॉर्ड आणि कामाचा वॉर्ड, दोन्ही. हजार अर्ज असे भरले गेले की वसई-विरारचे किती रुग्ण मुंबईच्या कोणत्या भागात कामाला जातात ते कोणत्याही कारकुनाला बेरीज करून दिसले असते. आरोग्य सेतू हे ॲप २ एप्रिलला आले आणि त्याने जवळ आलेल्यांची नोंद करायचे मनावर घेतले, पण ते वैयक्तिक सावधगिरीचे साधन होते; आणि ज्यांच्या हाती साधा फोन त्यांच्यासाठी ते नव्हतेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. वाटेचा माग म्हणजे पाळत, आणि पाळतीचा इतिहास चांगला नाही. तिसऱ्या वर्गाच्या फलाटावर उघडी केलेली अंगे, फेब्रुवारी १८९७ मध्ये बंद केलेली हजची यात्रा, २०२० मध्ये पायी गावी निघालेले मजूर आणि दिल्लीच्या एका धार्मिक मेळाव्यावरून बदनाम झालेले लोक: वाट पाहिली गेली ती नेहमी संशयितांची. यात्रेकरू, फकीर, मजूर यांचा प्रवास धोक्याचा, आणि कचेरीत जाणाऱ्याचा प्रवास म्हणजे कर्तव्य. मी याचाच उलटा अर्थ लावतो. ज्यांचा प्रवास शहराला हवा होता त्यांची वाट नोंदली गेली नाही, ज्यांचा नको होता त्यांचीच नोंदली गेली. सर्वांची वाट सारख्याच नियमाने, नावाविना, आकड्यांत नोंदली असती तर संशयाला विशिष्ट माणसे शोधायची गरज उरली नसती. शिवाय पत्ता काही निरुपद्रवी नाही. दारावरचा कागद, व्हॉट्सॲपवर फिरणारी रुग्णांची यादी, बांबूंनी अडवलेली गल्ली, वाण्याने नाकारलेले सामान, हे सर्व पत्त्यामुळेच झाले. कामाच्या वॉर्डाचा आकडा कोणाच्या दारावर चिकटवता येत नाही.

एवढे मात्र कबूल केले पाहिजे की रुग्णाची सोय करायला पत्ताच लागतो. ऑक्सिजन लागलेल्या माणसाला चर्चगेटच्या हिशेबात टाकून उपयोग नाही, त्याला विरारमध्ये किंवा वसईत खाट हवी, आणि आशा सेविकेला घर सापडले पाहिजे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० ची घरोघरची पाहणी पत्त्यावरच उभी होती आणि त्यात आशा सेविकांनी केलेले काम कोणीही नाकारू नये. उपचाराचा पत्ता आणि संसर्गाची वाट या दोन नोंदी आहेत. एकीने दुसरीचे काम होत नाही. आपल्याकडे दुसरी नोंद ठेवलीच गेली नाही म्हणून पहिलीलाच दुहेरी ओझे उचलावे लागले. तीही पुरी पडली असे नाही: १६ जून २०२० रोजी राज्याने जुळवणी करून १,३२८ राहून गेलेले मृत्यू एकदम यादीत घातले, त्यांत ८६२ मुंबईचे. पाटलाच्या काळातली दरी संगणकातही उरली होती, फक्त आता ती जुळवणीच्या दिवशी उघडी पडत असे.

ज्या अभ्यासाचे त्या वर्षी सर्वाधिक कौतुक झाले तो पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी करून प्रतिपिंडे मोजली गेली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला निघाला. त्या एका अभ्यासाने दाखवून दिले की नोंदलेले रुग्ण हे खऱ्या संसर्गाचा लहानसा तुकडा आहेत. त्या तीन वॉर्डांतला एक आर उत्तर, म्हणजे दहिसर. मुंबईची हद्द तिथे चेकनाक्यावर संपते आणि अभ्यासही तिथेच थांबला. हे नियमाला धरूनच होते, कारण महापालिका आपल्याच हद्दीत मोजणार. पण दहिसरहून निघालेली गाडी मीरा रोड, भाईंदर घेऊन, खाडी ओलांडून नायगाव, वसई, नालासोपारा करत विरारला जाते आणि तिथून माणसे फुलपाड्याच्या रिक्षात बसतात. खाडीच्या विरारकडच्या बाजूला घरातच राहिलेल्यांत किती संसर्ग आणि तिथून रोज मुंबईला जाणाऱ्यांत किती, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले असते, तर प्रवासाचा वाटा किती ते दोन आकड्यांत कळले असते. एप्रिल २०२१ मध्ये देशभर नव्या आरोग्य माहिती प्रणालीचे उद्घाटन झाले, आणि तिचा अभिमानाचा विशेष हा की ती रुग्णाचे ठिकाण थेट गावापर्यंत नकाशावर दाखवते. विरार-डहाणू चौपदरीकरणाचे काम चालू आहे. ते पुरे झाले की नोकरदारांची वस्ती वैतरणा, केळवे रोड, पालघर, बोईसरकडे आणखी सरकेल, आणि पुढच्या साथीत त्या नकाशावर ठिपके तिथल्या गावांवर उमटतील. त्या गावांच्या ग्रामपंचायतींना तेव्हा विचारले जाईल की तुमच्याकडे रोग एवढा का वाढला, आणि उत्तर द्यायला त्यांच्याजवळ फक्त पत्ते असतील.